वन-टनचे ब्रेक

६ ऑक्टोबर २००२, रविवार

दिवसभर मांजरीला, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घराच्या प्लॉटवर. गाडी येऊन तीन आठवडे झाले, आज पहिल्यांदा दादा आत बसले. लिलावातली फौजी वन-टन, म्हणजे लहान ट्रकच. बॉनेटखाली चिमण्यांचं घरटं, मागच्या हौद्यात फूटभर पाचोळा. दादा सत्तरीचे, चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाजूला हो."

मग स्टिअरिंग धरून बसले ते उतरेनातच. मला वाटलं, जुन्या आठवणी. जवळ जाऊन पाहिलं तर उजवा पाय ब्रेकवर. दाबत होते, सोडत होते. बंद गाडीचं पेडल, खाली जातं ते तिथंच राहतं. पायाच्या बोटांनी उचलून पुन्हा दाबत होते. कपाळावरून घाम गळत होता.

उतरल्यावर एवढंच, "इंजिन मी बघतो. ब्रेक तू करायचे. मी ब्रेकना हात लावणार नाही."

मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. पाना कसा धरायचा ते गेल्या महिन्यात शिकले.

८ ऑक्टो., मंगळ.

मि.ला सांगितलं. आमचे हे एका वाक्यात निकाल लावतात. "लोक रविवारी बागेत जातात."

अपघाताचं या वहीत कधी लिहिलं नाही. लिहून टाकते. मी तिसरीत होते. दादा फौजेत ड्रायव्हर, पहाडात पोस्टिंग. घाट उतरताना त्यांच्या वन-टनचे ब्रेक गेले, गाडी दरीत. मागे बसलेले चार जवान गेले. दादा बाहेर फेकले गेले, हात मोडला. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा मी खूश होते, आता ते खूप दिवस राहणार म्हणून. चौकशी झाली, दोष गाडीचा निघाला. दादांची नोकरी पुढे तशीच चालू राहिली. घरात यावर बोलायचं नाही हा आईचा नियम. आईला जाऊन दहा महिने झाले. आणि दादांनी ही गाडी आणली. त्याच बनावटीची.

का, ते विचारायचा धीर होत नाही.

१३ ऑक्टो., रवि.

हातांचा गंज अजून जात नाही. कर्वेनगरला घरी येऊन आंघोळ केली तरी.

मागचं डावं चाक काढून ब्रेकचा ड्रम ठोकत होते. गंजून धरलेला, निघेना. मी आणखी जोरात. जॅक तिरका झाला. मोठा आवाज वगैरे काही नाही, नुसतं कर्र, आणि गाडी बसली. सकाळी दादांनी ओरडून ओरडून चॅसीखाली लाकडी ठोकळे रचायला लावले होते. मी कंटाळत रचले होते. त्या ठोकळ्यांवर येऊन थांबली. माझा गुडघा खाली होता. मध्ये चार बोटं जागा.

शेजारचे तात्या त्यांच्या उसातून धावत आले. "ताई, लागलं का वो? म्या म्हनलं, गेलीच."

दादा आले नाहीत. वळून पाहिलं, तर होते तिथंच उभे, दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. "दादा, मी ठीक आहे," असं तीनदा म्हटलं तेव्हा उघडले.

मि.ला जॅकचं सांगितलं नाही.

२० ऑक्टो., रवि.

ड्रम निघाला. आत प्रत्येक चाकाशी एक छोटा सिलिंडर. पेडल दाबलं की तेल तिथवर येतं, आतले दट्टे बाहेर सरकतात, लायनर ड्रमला आतून घट्ट दाबतात, चाक थांबतं. इतक्या जड गाडीचा सगळा भरवसा अंगठ्याएवढ्या रबरावर. ती रबरं दगड झालेली.

दादा लांब खुर्ची टाकून बसले होते.

"गळत होता का?"

"नाही, जाम आहे."

दुसरं चाक उघडलं. "तो गळत होता का?" तिसरं. चौथं. तोच प्रश्न, त्याच आवाजात. शेवटी मी म्हटलं, "दादा, ही ती गाडी नाही."

"माहीत आहे मला." मग उठून चहा ठेवायला गेले.

२५ ऑक्टो., शुक्र.

ऑफिसात कपात चालू आहे. आज आणखी दोघांना आत बोलावलं. दुपारी खोके घेऊन गेले. लिफ्टपर्यंत कोणी सोडायला गेलं नाही, मीही नाही. आपण सोबत दिसलो तर आपलंही नाव लागेल, असं काहीतरी सगळ्यांच्या मनात. हे लिहिताना लाज वाटते.

१० नोव्हेंबर, रवि.

चारही सिलिंडरना नवी रबरं, नवे पाइप, तेल भरलं, हवा काढली. पेडल पहिल्यांदा घट्ट लागलं. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

दादा म्हणाले, "आता पुढच्या चाकाचा पाइप सैल कर."

"का? आत्ताच तर..."

"कर."

केला. मला आत बसवून दाबायला लावलं. पहिल्या दाबाला तेल पिचकारीसारखं बाहेर. दुसऱ्याला पेडल थेट खाली, पत्र्याला टेकलं.

"पायाला कसं लागलं?"

"पोकळ. पायरी चुकल्यावर लागतं तसं."

मग मला उतरवून स्वतः चढले. दहा-बारा वेळा दाबलं. मी खाली तेल पुसत होते. वरून, हळू, स्वतःशीच, "असं नव्हतं वाटतं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुसलेलंच पुन्हा पुसत बसले.

२४ नोव्हें., रवि.

दादा बोलले. रॉकेलनं हात धूत होतो दोघं, एकाच घमेल्यात. माझ्याकडे न बघता.

"कदम नावाचा मिस्त्री होता आमच्यात. फलटणकडचा. आदल्या दिवशी माझ्या गाडीचे ब्रेक त्यानं तपासले होते, सही त्याची. चौकशीत मी सांगितलं, पेडल खाली गेलं, तेल नव्हतं. मग सगळं त्याच्यावर आलं. पट्ट्या काढल्या, घरी पाठवला. पेन्शन नाही, काही नाही."

"पण पेडल खाली गेलं होतं ना?"

खूप वेळ हात चोळत राहिले. "इतक्या वेळा सांगितलंय गं, की आता सांगितलेलंच आठवतं. झालेलं आठवत नाही."

"मग आता काय करायचं?"

"डोक्याला नसेल आठवत, पायाला आठवेल. म्हणून आणली गाडी."

बसमध्ये पूर्ण वेळ हिशेब करत होते. माझी शाळा, वसतिगृह, इंजिनिअरिंग, सगळं दादांच्या त्याच नोकरीवर झालं. कदमांना मुलं असतील का? माझ्याच वयाची असतील. ती काय शिकली असतील?

२९ नोव्हें., शुक्र.

क्लायंटकडे सिस्टिम पडली होती, त्यावर मीटिंग. चूक कुणाची? सगळ्यांनी मिळून खोके घेऊन गेलेल्या दोघांपैकी एकाचं नाव लिहिलं. "ही इज नॉट हिअर एनिवे, सो नो इश्यू," टीम लीड म्हणाला. मी सही केली.  

१५ डिसेंबर, रवि.

इंजिन चालू झालं. काळा धूर, तात्यांची म्हैस दावं तोडून पळाली. दादा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा असं, दात दाखवून. मलाही हसू आलं आणि लगेच भीती वाटली. आता गाडी चालेल. चालली की घाट.

रंग राखाडी द्यायचा ठरला. फौजी हिरवा बाहेरच्यांना चालत नाही म्हणे. दादांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "बरंच झालं."

१९ जानेवारी २००३, रवि.

कागद झाले एकदाचे. आरटीओतला माणूस गाडीकडे बघून म्हणाला, "काय, लढाईला निघालात?"

कालव्याच्या रस्त्यानं दादांनी चालवली, मी शेजारी. एरवी चहाचा कप त्यांच्या हातात डुचमळतो. स्टिअरिंगवर हात ठेवला की थरथर बंद. कुठे जाते कुणास ठाऊक. "रणगाडा चालला की वो!" तात्या बांधावरून ओरडले.

मी अंदाजानं दर शंभर पावलांवर ब्रेक मारायला लावले. प्रत्येक वेळी गाडी थांबली. प्रत्येक वेळी वाटलं, या वेळी नाही थांबणार.

परतताना म्हणाले, "दोन तारखेला घाट."

२ फेब्रुवारी, रवि.

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सातला दिवे घाट चढलो. वर जाऊन गाडी वळवली. मी शब्द घेतला होता. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, वीसच्या वर नाही, आणि हँडब्रेकवर माझा हात. "बरं," म्हणाले होते.

पहिलं वळण नीट. दुसऱ्या वळणाच्या आधी त्यांनी क्लच दाबला आणि गिअरचा दांडा मध्ये आणला. न्यूट्रल. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, गाडी मोकळी सुटली.

"दादा!"

"गप्प बस."

ब्रेक दाबून धरला होता त्यांनी. आधी वेग धरून ठेवला, मग जळका वास आला, केस जळतात तसा. मग वेग वाढायला लागला. दादा सीटवरून उठून ब्रेकवर उभे राहिले होते, अक्षरशः, आणि गाडी थांबत नव्हती. समोरून टेम्पो आला, हॉर्न, कसा गेला कळलं नाही. दरी माझ्या बाजूला नव्हती, त्यांच्या बाजूला होती. मला त्यांच्या कानामागे नुसतं आकाश दिसत होतं.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, पाय समोरच्या पत्र्याला लावून. त्यांनी इंजिन वाढवून दांडा दुसऱ्यात ठोकला. दातावर दात घासल्यासारखा आवाज, जबरदस्त हिसका. डोंगराकडच्या गटारात डावं चाक घालून थांबलो. पुढच्या चाकांतून धूर.

दादांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

मग दादा, "पेडल घट्ट होतं."

"आत्ता?"

"तेव्हा."

३ फेब्रु., सोम.

रजा टाकली. दंड सुजलेत, पेन धरवत नाही नीट.

काल तिथंच गटाराच्या कडेला बसून सांगितलं त्यांनी. तेल गेलं तर पेडल खाली जातं, ती मिस्त्रीची चूक. ब्रेक तापले तर पेडल घट्ट राहतं, पण पकड राहत नाही. ब्रेक तापतात कधी? ड्रायव्हरनं उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर. पेट्रोल कमी मिळायचं, सगळेच सोडायचे. मनाई होती, तरी सोडायचे. त्या दिवशीही सोडली होती. एवढं मात्र त्यांना नेहमीच आठवत होतं. पेडलचं तेवढं...

मी म्हटलं, "चाचणीत एकदा आलेला निकाल म्हणजे पुरावा नव्हे. तुम्हाला आत्ताचं पेडल आठवत असेल."

"तुझं ऑफिसातलं ऑफिसात."

"दादा, आपण मेलो असतो आत्ता."

"या वेळी मागे कोणी नव्हतं."

"शेजारी मी होते."

 उठून चाकावर पाणी ओतायला गेले. मी ओरडले, तापलेल्या ड्रमवर पाणी नका ओतू, तडा जाईल. थांबले. बादली हातात धरून तसेच उभे.

इतका राग मला त्यांचा आयुष्यात आला नव्हता. आणि त्या रागाखाली भीतीच. आता हे सांगायला निघणार.

९ फेब्रु., रवि.

सांगायला निघालेच. जुन्या सोबत्याकडून पत्ता काढला. कदम आहेत, फलटणच्या अलीकडे गावात. पत्र मला दाखवलं. तीन ओळी. "गाडी तयार केली आहे. ब्रेक बघायला ये. बोलायचं आहे."

"टाक पेटीत जाता जाता."

टाकलं नाही.

१२ फेब्रु., बुध.

पत्र ऑ.च्या ड्रॉवरमध्ये. फाइलखाली. ते म्हातारे काय करतील? कोर्टात जातील? काठी घेऊन येतील? दादांची अब्रू. विहारात लोक उठून जागा देतात त्यांना. मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा 'फौजीची मुलगी' म्हणून टाळ्या वाजल्या होत्या.

मि.ला सगळं सांगितलं अखेर, जॅकसकट. या वेळी एका वाक्यात निकाल नाही.  मग, "मी काही म्हणत नाही. ड्रॉवरला कुलूप मात्र लावू नकोस."

१६ फेब्रु., रवि.

पुढचे लायनर जळून काचेसारखे झाले होते. चारही चाकांचे बदलले. दादा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले, पोस्टमनला बघायला. आज रविवार आहे हे मी सांगितलं नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

सकाळी दादांचा फोन. "कदम गेला असेल. नाहीतर उत्तर आलं असतं. मला उशीर झाला." आवाज एकदम म्हातारा.

जिवंत माणसाला मी ड्रॉवरमध्ये मारून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत चालत पोस्टात गेले. पाकीट पेटीच्या तोंडात धरून उभी राहिले. मागच्या बाई म्हणाल्या, "टाकताय की वाचताय?"

टाकलं.

२६ फेब्रु., बुध.

दादांना कार्ड आलं. फोनवर वाचून दाखवलं. "रविवारी येतो. ना. कदम." अक्षर चांगलं आहे म्हणाले. तेच दोनदा म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

२ मार्च, रवि., मांजरी

वही सोबत आणली होती. प्लॉटवर बसून लिहितेय.

कदम चारला आले. एसटीनं, मग सहा आसनी रिक्षानं. बारीक, पांढरा सदरा, हातात पिशवी. दादा फाटकाशी उभे होते दोन वाजल्यापासून. दोघांनी नमस्कार केला नाही, मिठी नाही, काही नाही. कदम थेट गाडीकडे. पिशवी मला दिली. सदरा काढून बॉनेटवर ठेवला आणि त्या वयात पाठीवर पडून गाडीखाली सरकले. प्रत्येक चाकाशी गेले. पाइप बोटांनी चाचपले. बाहेर आले.

"ब्रेक कुनी केलं?"

"मी," मी म्हटलं.

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगलं केल्यात."

दादा म्हणाले, "वैशाली, तात्यांकडून दूध आण चहाला." घरात दूध होतं. मी पातेलं घेऊन निघाले आणि उसाच्या कडेला थांबले. दोघं गाडीत बसले, दादा स्टिअरिंगवर, कदम शेजारी. दारं लावून घेतली. दादा बोलत होते, ते दिसत होतं. कदम समोर काचेकडे बघत होते. ऐकू काही येत नव्हतं.  तात्यांनी दूध आणून दिलं, ते पातेल्यात कधी ओतलं तेही कळलं नाही.

अर्धा तास तरी. मग दादांचं बोलणं थांबलं. कदम हलले नाहीत. मग उतरले. मला वाटलं, निघाले. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले, पाठ माझ्याकडे. सदरा चढवला, बटणं लावली, एक एक. आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, काहीतरी म्हणाले. दादा सरकले. शेजारच्या सीटवर. कदम स्टिअरिंगवर बसले.

गाडी चालू झाली. मी धावत निघाले, दूध सांडत. फाटकाशी त्यांनी वेग कमी केला, खिडकीतून मान काढली. डोळे लाल. चेहऱ्यावरून काही कळेना.

"घाट कुठल्या अंगाला हाय, बाई?"

दादा समोर बघत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

मी हात करून दाखवलं. का दाखवलं? नको म्हणता आलं असतं. चाकासमोर उभं राहता आलं असतं. ते विचारत होते आणि मी दाखवलं.

तेव्हा साडेपाच. आता पावणेसात होत आले. माझ्याकडे मोबाइल आहे, दादांकडे नाही. मि.ला फोन केला, तो निघालाय कर्वेनगरहून, त्याला पोचायला तास तरी लागेल. ब्रेक ठीक आहेत. ब्रेक मीच केलेत. लायनर नवे आहेत. कदमांची पिशवी इथंच आहे माझ्याजवळ, वरून दिसतोय एक धुतलेला टॉवेल आणि खाऊचा पुडा.

फाटकाबाहेर तात्यांनी मोटारसायकल चालू करून ठेवली आहे. "ताई, चला, बघून तर येऊ." दोनदा म्हणून झालं त्यांचं. मला उठवत नाही.